हडळीचं गाऱ्हाणं

कोकणात चित्रित झालेला भयपट किंवा मालिका आली की आमच्याकडे एक वाद ठरल्याप्रमाणे पेटतो. कुणी म्हणतं, ही कोकणची बदनामी आहे. आमच्याकडे काय माणसं राहत नाहीत, नुसती भुतंच राहतात? कुणी म्हणतं, बाईला हडळ दाखवून समस्त स्त्रीजातीचा अपमान केला, हे बंद पाडा. आणि कुणी म्हणतं, अहो करमणूक आहे, घाबरायचं आणि घरी यायचं, एवढा कीस कशाला पाडता? २०१६ साली सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तेव्हा हे सगळं बोलून झालं होतं. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ आला, २०२४ मध्ये ‘मुंज्या’ आला, तेव्हाही तेच. मला या तिन्ही बाजूंशी भांडायचं आहे, कारण मुद्द्याला तिघांपैकी कुणीच हात घालत नाही. बाई भूत झाली यात तिचा अपमान नाही. ती भूत कशामुळे झाली हे दोन मिनिटांत उरकून टाकायचं आणि तिला पुन्हा एकदा मारण्याचा सोहळा मात्र शेवटपर्यंत लांबवायचा, यात अपमान आहे. आपला भयपट बाईला किंकाळी देतो, गाऱ्हाणं मांडू देत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

चुकीच्या जागी अडकलेला असा वाद आपल्याकडे पूर्वीही झाला आहे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, अनैतिक ठरवलेल्या संबंधातून झालेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांत चर्चा रंगली ती मात्र बायका कशा बिघडत चालल्या आहेत याची. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उलटा सवाल केला. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? तिच्या पुनर्विवाहाची वाट कुणी बंद केली, आणि तिला नादी लावून नामानिराळा राहिलेला पुरुष कुठे आहे? भयपटाबद्दल बोलताना आपण अजून त्या वर्तमानपत्रांच्याच रांगेत उभे आहोत. पडद्यावरच्या बाईचे केस किती मोकळे होते, डोळे कसे पांढरे झाले, याबद्दल घरी जाताना बोलतो. तिला विहिरीत ढकलणारा कोण होता, त्याचं नावही आपल्या लक्षात राहत नाही.

आता लोकपरंपरेकडे वळतो, कारण करमणूकवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथे आहे. ते म्हणतात, हडळ काय सिनेमावाल्यांनी शोधून काढली? ती तुमच्या आज्यापणज्यांच्या गोष्टींतली. हे खरंच आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. १९१५ साली एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणातल्या लोकसमजुतींच्या टिपणांचं पुस्तक छापलं. त्यातली माहिती मुळात जॅक्सनने गोळा करवून घेतलेली होती. १९०९ मध्ये नाशकात अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीला बळी पडलेला कलेक्टर तो हाच. त्याला गावोगावच्या शाळामास्तरांनी कळवलेली भुतांची यादी वाचली की आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची नावं एकामागून एक भेटतात. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी, ब्रह्मचर्य संपवणाऱ्या विधीआधी, गेलेला मुलगा. समंध म्हणजे जमीनजुमल्यात जीव अडकलेला. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेला. शिवाय खवीस, झोटिंग, देवचार. आणि बायका? हडळ आणि अलवंतीण म्हणजे बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेलेली. लावसट म्हणजे विधवेचं भूत. जखीण म्हणजे सवाशीण मेलेली. गावागावाला अर्थ थोडे इकडेतिकडे होतात, पण वाटणीची रीत बदलत नाही. पुरुष मेला तर त्याची जात, त्याचा लोभ, त्याचा धंदा, त्याचा अपघात पाहून भुताचा प्रकार ठरतो. बाई मेली तर दोनच गोष्टी पाहायच्या, नवरा होता का आणि कूस कोणत्या अवस्थेत होती. जिवंतपणी तिची जी ओळख होती तीच मेल्यावरही चालू ठेवली.

पण या यादीकडे आणखी नीट पाहिलं तर तिच्यात एक कबुलीही आहे. बाळंतपणात मेलेली बाई परत येईल अशी भीती कुणाला वाटायची? ज्यांनी तिला वाचवलं नाही त्यांना. अंधारी, धुराने कोंदलेली बाळंतिणीची खोली, घरातल्या विळ्याने कापलेली नाळ, हात न धुतलेली सुईण, आणि तेरा-चौदा वर्षांची पोर. प्रसूतितज्ज्ञाने हात धुतले तर बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका वाचतात, हे सेमेलवाइसने व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४७ मध्येच दाखवलं होतं. आमच्या सुईणीपर्यंत ते पोचायला पुढे कित्येक पिढ्या गेल्या. तोवर असं मढं बाहेर काढलं की मागे वाटेवर राळे नाहीतर मोहरी पेरायची, उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकायचा, म्हणजे ती घरी परतणार नाही. हे माझ्या आजीने स्वतः पाहिलेलं होतं. तिच्या गोष्टीतली हडळ हिरव्या लुगड्यातली असे, हातात चुडा भरलेली, कारण सवाशिणीला तसंच सजवून नेत. गोष्ट संपली की आजी एक वाक्य हटकून जोडायची: ‘बाये, ती मरूक नाय, तिका मारल्यानी.’ तिला प्रसूतिशास्त्र ठाऊक नव्हतं, पण दोष कुणाचा हे ठाऊक होतं. २०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी नमुना नोंदणी अहवालात महाराष्ट्रातलं मातामृत्यूचं प्रमाण लाखभर जिवंत जन्मांमागे ३३ आहे, देशाचं ९७. आमच्या भागातली हडळ दिसेनाशी झाली असेल तर त्याचं श्रेय मांत्रिकाला जात नाही. पावसापाण्यात व्हाळ ओलांडून वाडीवर जाणाऱ्या उपकेंद्राच्या नर्सबाईला आणि आशाताईला जातं.

म्हणजे परंपरेत बाईची भीती आहे हे मी मान्य करतो. पण परंपरेचा दुसरा अर्धा भाग सिनेमाने सोडून दिला, हे कुणी सांगत नाही. जाखमाता या ग्रामदेवीची देवळं कोकणात ठिकठिकाणी आहेत. जिची भीती वाटली तिला गावाने सीमेवर जागा दिली, तिची ओटी भरली, वर्षातून एकदा तिच्यापुढे मान तुकवली. आणि मुख्य म्हणजे गाऱ्हाणं घातलं. ज्याने कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं आहे त्याला त्यातला सूर माहीत असतो. मानकरी हात जोडून उभा, मागे सगळा गाव, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात, आणि मग काय चुकलं माकलं असेल ते पदरात घे म्हणून विनवणी. प्रत्येक वाक्याला गावाचं ‘व्हय म्हाराजा’. तिथे गाव आरोपीच्या जागी उभा असतो. आपल्या हातून काहीतरी घडलं आहे, त्याची भरपाई करायची आहे, हे सगळ्यांसमक्ष बोललं जातं. मी हे सगळं गोड करून सांगत नाही. मेलेल्या बाईला देवी केल्याने जिवंत सुनेच्या पाठीवरचे वळ मिटत नाहीत. आणि गाऱ्हाणं घालणारा मानकरी पुरुषच असतो, बाई मागे उभी राहते. तरीही त्या रीतीत देणं लागतो ही जाणीव आहे. भयपटाच्या शेवटाला ती कुठे सापडते? तिथे गाव न्यायाधीश असतो, मांत्रिक जल्लाद असतो, आणि जिच्यावर अन्याय झाला तीच पिंजऱ्यात असते. जळते, किंचाळते, राख होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळं ऊन पडतं आणि नायक-नायिका गाडीत बसून मुंबईला निघतात.

हिंदी पडद्यावरच्या भुताचा पोशाख आठवून पाहा. १९४९ च्या ‘महल’पासून पांढऱ्या वस्त्रातली, धुक्यातून गात जाणारी बाई आपल्या डोळ्यांत बसली. त्या चित्रपटात ती भूत नसतेच, माळ्याची जिवंत मुलगी असते. पण पुढच्या चित्रपटांनी ते विसरून फक्त पांढरी साडी उचलली, जी आपल्याकडे हजारो घरांत जिवंत विधवेच्या अंगावर होती. आजीच्या हडळीचं हिरवं लुगडं जाऊन तिच्या अंगावर वैधव्य आलं, आणि कोपऱ्यात बसवलेल्या, शुभकार्यात तोंड दाखवायची बंदी असलेल्या बाईचं रूप हेच घाबरवण्याचं रूप ठरलं. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी या सैतानाचा शाप असा, की राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात भयानक मरण मरेल. वैर दोन पुरुषांचं, फेड बाईच्या कुशीतून. ‘तुंबाड’ मला फार मोठा चित्रपट वाटतो, कारण त्यात भीती पुरुषाच्या हावेतून येते आणि बापाकडून मुलाकडे वारशाने जाते. तिथेही खजिना कुठे आहे? देवीच्या गर्भात. दोर सोडून पुरुष तिच्या कुशीत उतरतात, ओरबाडतात, वर येतात. दिग्दर्शकाने हे जाणून दाखवलं आहे आणि लुटारूला लुटारूच ठेवलं आहे, म्हणून तो चित्रपट वेगळा. मग हे जमतं, हे सिद्धच झालं ना?

आता विरोधी बाजूचा मला सगळ्यात जड वाटणारा मुद्दा. अनेक विचारी बायकाही तो मांडतात. भयपट हाच एक असा प्रकार आहे जिथे बाईला ताकद मिळते, असं त्या म्हणतात. कौटुंबिक चित्रपटात ती सोसते, प्रेमकथेत वाट पाहते, मारधाडीच्या चित्रपटात नायकाच्या मागे लपते. भयपटात मात्र ती जुलमी जमीनदाराची मान मुरगळते आणि प्रेक्षकांतली बाई मनातून सुखावते. परदेशी चित्रपटांबद्दल कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासिकेने १९८७ मध्ये असंच एक निरीक्षण मांडलं. खुनशी भयपटांत सगळे मेल्यावर शेवटी उरते, लढते ती एक मुलगी, आणि थेटरातली तरुण पोरं तिच्या नजरेने चित्रपट पाहतात. हा मुद्दा हलका नाही. आमच्याकडेही ‘रात्रीस खेळ चाले’मधली शेवंता किती लोकप्रिय झाली ते सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्यांत बायका कमी नव्हत्या. पण त्या शेवटी उरणाऱ्या मुलीचं लक्षणही क्लोव्हर यांनीच सांगून ठेवलं आहे. ती बहुधा सुशील असते. दारू पिणाऱ्या, मित्राबरोबर रात्र काढणाऱ्या तिच्या मैत्रिणी आधीच मारल्या गेलेल्या असतात. जगण्याचा परवाना चारित्र्याच्या दाखल्यावर मिळतो. आणि आपल्या हडळीला ताकद मिळते ती मेल्यावर. जिवंत असताना ती तलाठ्याकडे जात नाही, पोलिसांत जात नाही, नवऱ्याच्या हातातली काठी हिसकावून घेत नाही. असं काही करण्याची बुद्धी लेखक तिला देतच नाही. मरण ही बाईच्या ताकदीची प्रवेश फी आहे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या गोष्टीला मी बाईच्या बाजूची गोष्ट कशी म्हणू?

शेवंताचा विषय निघालाच आहे तर अण्णांचाही निघायला हवा. त्याच मालिकेतला अण्णा नाईक हा माणूस बाहेरख्याली, क्रूर, बायकोला पायाखाली ठेवणारा. मालिकेने ते लपवलं नाही, आणि माधव अभ्यंकरांनी ते फार ताकदीने उभं केलं. पण पाहणाऱ्यांनी काय केलं? अण्णांची वाक्यं कौतुकाने फिरवली, त्यांच्या मिश्यांची नक्कल केली, आकेरीचा वाडा पाहायला गाड्या भरभरून माणसं आली. शेवंताबद्दल बोलताना मात्र तीच माणसं एकमेकांना कोपराने ढोसत होती. आणि अण्णांची बायको माई? रांधणारी, सगळं जाणून गप्प राहणारी माई ही आमच्या घराघरातली बाई, तिची आठवण कुणी काढली? कलाकृती चांगली आहे की वाईट हा इथे प्रश्नच नाही. त्याच गोष्टीत एका पुरुषाचा जुलूम रुबाब ठरतो आणि एका बाईची वासना बाधा ठरते, ही आपली पाहण्याची सवय आहे, आणि ती आपण बरोबर घेऊनच पडद्यासमोर बसतो.

पुरुषभुताला मिळणारी सवलत ‘मुंज्या’त आणखी स्पष्ट दिसते. मला तो चित्रपट आवडला; आमच्या बोलीतल्या भुताला एवढ्या मोठ्या पडद्यावर पाहून आनंदच झाला. आपल्यापेक्षा मोठ्या मुन्नीवर जीव जडलेला, मुंज होऊन मेलेला पोरगा वंशजाच्या मानगुटीवर बसतो आणि लग्न लावून दे म्हणून छळतो. एका बाईला तिच्या इच्छेविरुद्ध बायको करण्याचा हट्ट हाच त्याचा सगळा उद्योग. चित्रपट त्याला चूक ठरवतो, आणि नायकालाही एकतर्फी प्रेम सोडून द्यायला शिकवतो, हे त्याच्या बाजूने नमूद केलंच पाहिजे. तरीही हे भूत खोडकर, बालिश, हसवणारं आहे. हट्टी पुरुषाचं भूत विनोदी होऊ शकतं आणि बाळंतपणात मेलेल्या पोरीचं भूत कायम किळसवाणंच, ही वाटणी कुणी ठरवली? एखाद्या जखिणीला खट्याळ, गप्पिष्ट, दर्शकाला लळा लावणारी करून दाखवा ना. आमच्या आज्यांच्या गोष्टींत अशा होत्या.

नव्या चित्रपटांनी वाट बदलली आहे, हेही मोकळेपणाने सांगायला हवं. २०१८ च्या ‘स्त्री’ने पुरुषांना रात्री घरात कोंडलं आणि बाहेर जायला सोबत लागली तर कसं वाटतं ते दाखवलं. शेवटी नायक त्या बाईच्या भुताच्या छातीत सुरा खुपसत नाही, तिची वेणी कापतो. आणि गावच्या भिंतींवर आधी तिला उद्या ये म्हणणारी ओळ असते तिथे, आमचं रक्षण कर, अशी ओळ येते. मध्य प्रदेशातल्या चंदेरीची ही गोष्ट कोकणातल्या माणसाला लगेच पटते, कारण हे जाखमातेचंच राजकारण आहे. लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. तेव्हा बाईचं गाऱ्हाणं ऐकून घेणारा भयपट चालत नाही, असं कोणत्याही निर्मात्याने सांगू नये. २०१७ चा मराठी ‘लपाछपी’ मला याहून धीट वाटतो. त्यात उसाच्या फडातली भुतं हा विषयच नाही. पोटातल्या आणि जन्मलेल्या मुली मारणारं घर हाच विषय आहे. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ सालीच, आणि तरी हा चित्रपट २०१७ मध्ये करावा लागला. पण तिथेही एक गोष्ट मला खटकते. क्रौर्याचा चेहरा म्हणून आपल्यासमोर उभी राहते ती म्हातारी, सासूच्या वयाची तुळसाबाई. उषा नाईक यांनी ती भूमिका अंगावर काटा येईल अशी केली आहे. हिंदीत ‘छोरी’ झाला तेव्हाही तीच मांडणी राहिली. सासवा छळतात हे खोटं नाही. पण मुलगाच हवा हे ज्याच्या सातबाऱ्यासाठी आणि ज्याच्या आडनावासाठी, तो पुरुष अशा गोष्टींत पाठमोराच राहतो. एक स्त्री-साचा मोडताना दुसरा, खडूस म्हातारीचा, पक्का होतो.

कोकणाबद्दल हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का सांगतो? कारण हा मुलूख बायकांनी राखलेला आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका होत्या, आणि सिंधुदुर्गातही बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. यामागचं कारण सगळ्यांना माहीत आहे, बाप्ये मुंबईला. गिरण्या होत्या तेव्हा गिरणीत, आता हॉटेलात, वॉचमनच्या खुर्चीत, ऑफिसात. इथे मागे राहिलेल्या बाईने शेती केली, काजू राखले, सासूसासऱ्यांचं केलं, आणि जांभ्याच्या भिंतींच्या मोठ्या घरात पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या रात्री एकटीने काढल्या. भयपटाला हवा असलेला ‘कोकणातला ओसाड वाडा’ म्हणजे प्रत्यक्षात बॅटरी उशाशी घेऊन निजणाऱ्या एका बाईचं घर असतं. हर्णैच्या बंदरावर लिलावाला जाणारी बाई रात्री-अपरात्री रस्त्यावर असते. ड्युटी संपवून शेवटची एसटी चुकलेली नर्स तिठ्यावर उभी असते. आणि आपल्याकडे कोणत्याही घाटाची गोष्ट काय सांगतात? रात्री हात दाखवणारी बाई दिसली तर गाडी थांबवू नकोस. हात दाखवणाऱ्या बाईला खरोखर मदत हवी असेल ही शक्यता त्या गोष्टीने पुसून टाकली. अंधारात धोका बाईला असतो. गोष्टीत धोका बाईपासून असतो.

आमच्या वाडीत एक म्हातारी एकटीच राहायची. मूलबाळ नाही, नवरा जाऊन जमाना झालेला. वैशाखात ती खळ्यात बसून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, गर काढून सालं रसात बुडवायची आणि सोलं वाळत घालायची. दिवसभर तेच काम, त्यामुळे मनगटापर्यंत तिचे हात लालजांभळे होत आणि साबणाने चोळूनही आठवडाभर रंग जात नसे. पोरं गडग्याआडून तिला मालिकेतल्या भुताच्या नावाने हाका मारत आणि हाताला रक्त लागलंय म्हणून ओरडत पळत. मोठी माणसं ते ऐकून हसत. पुढे शेजारची गाय अचानक आटली. घरचे देवस्की करायला, म्हणजे यामागे कुणाची बाधा आहे का ते पाहायला, एका घाड्याकडे, कौल सांगणाऱ्या मांत्रिकाकडे, गेले. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त दिशा सांगितली. त्या दिशेला तिचंच घर होतं. तेव्हापासून तिच्याकडचं ताक कुणी घेईना, तिची सोलं बाजारात नेऊन विकणारा रिक्षावाला काही ना काही निमित्त सांगू लागला. मारहाण झाली नाही, पेपरात बातमी आली नाही. ती फक्त आणखी एकटी पडली.

करमणूकवाले इथे म्हणतील, हे मालिकेमुळे झालं का? गाय आटल्यावर म्हातारीकडे बोट दाखवणं टीव्हीच्या आधीपासून चालू आहे. बरोबर आहे. पडद्यावर पाहून कुणी संशयखोर होत नाही, संशय आधीच असतो. माझं म्हणणं एवढंच, की संशयाला चेहरा लागतो आणि तो चेहरा पडदा पुरवतो. एकटी, म्हातारी, निपुत्रिक, मोकळ्या केसांची, कुणाशी फारसं न बोलणारी. विचित्र म्हाताऱ्यांची आपल्या गावांत कमी नाही, पण विचित्र म्हाताऱ्या पुरुषाला आपण ‘अवलिया’ म्हणून सोडून देतो. गाव एखाद्या बाईभोवती भिंत कशी उभारतो हे पाहायला भूतप्रेतांचीही गरज नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी मूळच्या देवरुखच्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं, तर त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. दापोलीजवळचं हे गाव, शिकलेसवरलेल्यांचं. पुनर्विवाहाचा कायदा होऊन तेव्हा सदतीस वर्षं उलटली होती. विधवा पुन्हा हसली, नटली, संसाराला लागली तर काहीतरी अरिष्ट येईल, ही भीती त्या बहिष्कारामागे होती. आजचा भयपट तीच भीती वापरतो, फक्त तिला संगीत देतो.

राहिले बंदी मागणारे. त्यांच्या रागाचं मूळ मला समजतं, पण त्यांची वाट मला मान्य नाही. बंदीने सिनेमा भित्रा होईल, आणि भित्र्या सिनेमातून सगळ्यात आधी जाईल ती बाईवरच्या अन्यायाची गोष्ट, कारण तिथे नाव घ्यावं लागतं जमीनदाराचं, जातीचं, देवस्थानाचं, घरच्या कर्त्याचं. कोकणची बदनामी होते म्हणून निवेदन घेऊन जाणाऱ्यांना मला वेगळं विचारायचं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते, असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक दर्जाचा माणूस नेमायची तरतूद आहे. मालिकेविरुद्ध तालुक्याच्या कचेरीत जाणाऱ्यांपैकी किती जण वाडीतल्या अशा म्हातारीसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढले? कोकणची अब्रू जिथे खरोखर जाते, त्या ठिकाणी आपली निवेदनं का पोचत नाहीत? हा कायदा ग्रामसभेत वाचून दाखवा, घाड्याच्या दारावर त्याची प्रत लावा. आणि चित्रीकरणासाठी वाडा, विहीर, देवराई मागायला माणसं आली की भाडं ठरवण्याआधी गावातल्या बायकांना बैठकीला बसवा. चित्रपट कसा करायचा हे त्यांनी सांगू नये. एवढं मात्र त्यांनी दिग्दर्शकाला तोंडावर विचारावं, की तुमच्या गोष्टीत हिला मारलं कुणी, आणि शेवटी त्याचं काय होतं?